लक्सर, अबिडोस, डेंडेरा : अपुऱ्या राहिलेल्या रेषांच्या मागावर

भारतातून इजिप्तला जाणाऱ्या बहुतेक सहलींत लक्सरच्या वाट्याला एक दिवस येतो. सकाळी नाईलच्या पश्चिम तीरावरची थडगी, दुपारी पूर्व तीरावरची देवळे आणि संध्याकाळी पुन्हा बोटीवर, असा तो कार्यक्रम असतो आणि त्यात छायाचित्रांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. माझी थोरली बहीण बरोबर असल्यामुळे असली धावपळ आम्हांला जमणारी नव्हती. ती शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली आहे आणि चित्रासमोर उभी राहिली की लवकर हलत नाही, हा घरातल्या सर्वांचा अनुभव आहे. म्हणून जानेवारीत आम्ही लक्सरमध्येच मुक्काम ठेवला आणि गाडी, चालक व परवानाधारक मार्गदर्शक अशी सगळी व्यवस्था फक्त आमच्यापुरती केली. मार्गदर्शक बाई लक्सरच्याच रहिवासी, पुरातत्त्वाचा अभ्यास केलेल्या आणि इंग्रजी सावकाश व स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. कोणकोणती ठिकाणे पाहायची आहेत, असे त्यांनी विचारल्यावर ताई म्हणाली, "थोडीच दाखवा, पण काम कसे केले असेल ते जिथे कळेल अशी दाखवा." बाईंनी आमच्या यादीतली निम्मी नावे तिथल्या तिथे खोडली आणि अबिडोसचे नाव स्वतःहून लिहिले.

शनिवार : कर्नाक

कर्नाकची सुरुवात बाईंनी उलट्या बाजूने केली. पहिल्या महाद्वारातून आत गेल्यावर सगळे प्रवासी समोरच्या स्तंभमंडपाकडे निघतात. आम्हांला मात्र त्यांनी मागे वळून त्याच महाद्वाराची आतली बाजू पाहायला सांगितले. तिथे भिंतीला लागून कच्च्या विटांचा एक प्रचंड ढिगारा आहे. दगड वर चढवण्यासाठी रचलेल्या उताराचा तो शिल्लक राहिलेला भाग आहे. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या पहिल्या नेक्टानेबो राजाच्या काळात हे महाद्वार उभे राहिले असे मानले जाते. ते पुरे झाले नाही, आणि काम थांबल्यामुळे उतारही कोणी काढून नेला नाही. जवळच एका खांबाचे दगड नुसते एकावर एक रचलेले आहेत. त्यांची गोलाई तासायची राहून गेली आहे. म्हणजे आधी ओबडधोबड दगड रचायचे आणि मग ते जागेवरच वरून खाली तासत आणायचे, ही पद्धत कोणतेही पुस्तक न उघडता समजते. पूर्ण झालेली वास्तू असले काही सांगत नाही, असे बाई म्हणाल्या आणि पुढचे सगळे दिवस आम्ही त्या वाक्याच्या आधारानेच पाहत गेलो.

स्तंभमंडपात १३४ खांब आहेत आणि मधल्या रांगांतले १२ खांब सुमारे २१ मीटर उंच आहेत, ही माहिती प्रत्येक जण देतो. त्याहून उपयोगाची गोष्ट अशी, की मंडपाच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागातले कोरीव काम पहिल्या सेती राजाच्या काळातले आहे आणि दक्षिणेकडचे त्याच्या मुलाच्या, म्हणजे दुसऱ्या रामसेसच्या काळातले. सेतीच्या कारागिरांनी आकृतीच्या भोवतालचा दगड काढून आकृती उठावात ठेवली आहे; रामसेसच्या कारागिरांनी आकृतीच दगडात खोल उतरवली आहे. दुसऱ्या पद्धतीत काढून टाकायचा दगड कमी असल्याने काम झटपट होते, आणि कडेची सावली गडद पडल्यामुळे उन्हातही ते लांबून दिसते. ताईने दोन्ही बाजूंना चार-पाच फेऱ्या मारल्या आणि मुलाला घाई होती असा निकाल दिला. या निकालाची परीक्षा सोमवारी अबिडोसला होणार होती.

हॅटशेपसूट राणीचा जवळजवळ ३० मीटर उंचीचा ओबेलिस्क, म्हणजे एकसंध दगडाचा चौकोनी निमुळता स्तंभ पाहून आणि मोकळ्या जागेत चहा घेऊन आम्ही निघालो. लक्सरचे देऊळ रात्री दिव्यांच्या प्रकाशात पाहिले. ते सुंदर आहे, परंतु पिवळ्या झोतांत कोरीव कामाचे बारकावे बुजतात, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे माझ्याजवळ नाही.

रविवार : पश्चिम तीर

राजांच्या दरीत सकाळी सहाच्या सुमारास पोहोचण्याचा आग्रह बाईंचा होता आणि तो अगदी योग्य ठरला, कारण आठनंतर क्रूझच्या बसगाड्या येऊ लागल्या की अरुंद बोगद्यांत माणसाला माणूस खेटतो. दरीच्या डोक्यावर अल-कुर्न नावाचे शिखर आहे आणि त्याचा आकार मुळातच पिरॅमिडसारखा आहे. नव्या राजवटीच्या राजांनी, म्हणजे साधारण इ.स.पू. १५५० ते १०७० या काळात, पिरॅमिड बांधणे सोडून या शिखराखालच्या चुनखडीत लपवलेली थडगी खोदून घेतली. आतापर्यंत साठांहून अधिक थडगी व खड्डे सापडले आहेत, परंतु एका वेळी त्यांतली मोजकीच उघडी असतात. साध्या तिकिटावर तीन थडगी पाहता येतात, आणि पहिला सेती, तूतनखामून व पाचवा-सहावा रामसेस यांच्यासाठी वेगळी तिकिटे काढावी लागतात. मार्गदर्शकांना आत जाऊन व्याख्यान देण्याची मुभा नसते, त्यामुळे बाईंनी बाहेरच्या सावलीत बसून, प्लॅस्टिकचे आवरण घातलेली छायाचित्रे मांडीवर ठेवून सगळे आधी समजावून दिले. ही अडचण नसून सोयच आहे असे माझे मत झाले, कारण आत गेल्यावर कोणी बोलत नव्हते आणि फक्त पाहायचे होते.

तिसऱ्या थुतमोसचे थडगे दरीच्या टोकाला, खडकाच्या कपारीत उंचावर आहे. लोखंडी जिना चढून वर जायचे आणि मग तितकेच खोल उतरायचे, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनी विचार करून जावे. शेवटच्या दालनाचे कोपरे गोलाकार आहेत, म्हणजे राजाचे नाव ज्या लंबगोल चौकटीत लिहितात तोच आकार सबंध दालनाला दिला आहे. भिंतींवर सूर्याचा रात्रीच्या बारा तासांतला पाताळातला प्रवास काढलेला आहे, परंतु त्यातल्या आकृती अगदी काडीसारख्या रेषांच्या आहेत. भिंतीवर एखादी पपायरसची गुंडाळी उलगडून चिकटवावी, तशी ती मांडणी दिसते आणि तसाच परिणाम साधण्याचा हेतू होता. येथे ताई फारशी रमली नाही. हा लेखनिकाचा हात आहे, चित्रकाराचा नाही, असे तिने सांगितले.

पहिल्या सेतीच्या थडग्यात मात्र तिने आम्हांला तास-दीड तास थांबवले. जिओव्हानी बेल्झोनी या इटालियन माणसाने १८१७ च्या ऑक्टोबरमध्ये हे थडगे उघडले. सुमारे १३७ मीटर लांबीचे हे थडगे दरीतल्या सर्वांत लांब आणि खोल थडग्यांपैकी एक आहे. प्रवेशापासून शेवटच्या दालनापर्यंत जवळजवळ सगळ्या भिंती कोरून रंगवलेल्या आहेत. उठाव इतका कमी जाडीचा आहे की देवतेच्या वस्त्राच्या चुण्या बोटभर अंतरावरून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. शेवटच्या दालनाच्या कमानदार छतावर गडद निळ्या रंगावर पिवळसर तारकासमूह आहेत. तेथे वर पाहत उभ्या राहिलेल्या दोन फ्रेंच आजीबाईंना रखवालदाराने स्वतःची खुर्ची आणून दिली आणि त्या दोघी आळीपाळीने तिच्यावर बसून छत पाहत होत्या.

ज्यासाठी बाईंनी आम्हांला आत पाठवले होते, ते दालन याच्या बरेच आधी लागते. चार खांबांच्या दालनाला लागून, काही पायऱ्या खाली, दोन खांबांचे आणखी एक दालन आहे. त्याच्या भिंती गिलावा करून गुळगुळीत केल्या आहेत आणि आकृती काढून झाल्या आहेत, पण छिन्नी तिथवर पोहोचलीच नाही. आधीची रेषा गेरूच्या लाल रंगाची आहे. तिच्यावर दुसऱ्या, जाणकार हाताने काळी रेषा ओढून दुरुस्ती केली आहे. एका देवाचा दंड लाल रेषेत जरा जाड झाला होता, तो काळ्या रेषेने आत घेतला आहे. एका ठिकाणी गुडघा बोटभर वर सरकवला आहे. काळ्या रेषेला कुठेही थांबून पुन्हा सुरुवात केल्याची खूण नाही. खांद्यापासून मनगटापर्यंत ती एका दमात आली आहे आणि मनगटाशी कुंचल्यातला रंग संपत आल्याने किंचित फिकी झाली आहे. ताई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "लाल रेषा विद्यार्थ्याची आणि काळी मास्तरांची." वह्या तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाचे हे मत मला पुराव्याइतकेच वजनदार वाटले. इ.स.पू. १२७९ च्या सुमारास सेतीचा मृत्यू झाला आणि काम आहे त्या अवस्थेत थांबले. राजाला पुरण्याचा दिवस काही दालन पुरे होण्याची वाट पाहत नाही.

अपुरेपणाखेरीज तेथे नासधूसही दिसते. बेल्झोनीने भिंतींचे ठसे घेताना रंग निघून आले. पुढे १८२९ मध्ये चित्रलिपीचा उलगडा करणारा शांपोलियाँ आणि त्याचा सहकारी रोसेलिनी यांनी दारालगतचे दोन कोरीव भाग कापून नेले. ते आज पॅरिस आणि फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांत आहेत. राजाची अलाबास्टर या पांढरट, अर्धपारदर्शक दगडाची शवपेटी लंडनमध्ये सर जॉन सोन यांच्या संग्रहालयात पडून आहे. स्वतः सेती १८८१ मध्ये दैर अल-बहारीजवळच्या एका गुप्त खड्ड्यात इतर राजांबरोबर सापडला आणि आता कैरोत आहे. एका माणसाचे सामान इतक्या शहरांत विखुरलेले असणे हा इजिप्तमध्ये नियमच आहे.

तूतनखामूनच्या थडग्यात आम्ही पाच-सहा मिनिटे होतो. हावर्ड कार्टरने ४ नोव्हेंबर १९२२ रोजी शोधलेले हे थडगे लहान आहे, त्याच्या चारच दालनांपैकी एकात चित्रे आहेत आणि सोन्याचे सगळे सामान कैरोला गेले आहे. त्या तरुण राजाचा देह मात्र तिथेच, काचेच्या पेटीत ठेवलेला आहे. ज्यांच्याजवळ पैसे व वेळ दोन्ही मोजके आहेत त्यांनी हे तिकीट वाचवून सेतीचे काढावे, असे मी निःसंकोच सांगेन.

हॅटशेपसूटचे देऊळ कड्याच्या पायथ्याशी तीन मजली ओसऱ्यांचे आहे. १९६१ पासून पोलंडचे पथक त्याच्या डागडुजीत गुंतलेले आहे, त्यामुळे आज जे अखंड दिसते त्यातला बराच भाग नव्याने जुळवलेला आहे. दुसऱ्या मजल्याच्या ओसरीत पुंत देशाला गेलेल्या व्यापारी मोहिमेची दृश्ये आहेत. मुळांसकट टोपल्यांत घालून वाहून नेलेली सुगंधी डिंकाची झाडे आणि जहाजांखालच्या पाण्यातले मासे आजही ओळखू येतात. मात्र राणीची आकृती जिथे असायला हवी तिथे अनेक ठिकाणी नेमका तिच्या बाह्यरेषेचा खड्डा आहे. तिसऱ्या थुतमोसच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात तिची नावे व चित्रे पद्धतशीरपणे छिलून काढली गेली. छिलणारेही कसबी होते, त्यांनी शेजारच्या देवाला धक्का लागू दिलेला नाही. तिथले ऊन मात्र जानेवारीतही सोसवत नाही.

दुपारचे जेवण पश्चिम तीरावरच्या एका घरगुती खानावळीत झाले. शाकाहारी म्हटल्यावर त्यांनी टोमॅटोत शिजवलेली भेंडी, भात, ताहिनी आणि गरम ऐश रोट्या वाढल्या. मिरची नसली तरी भेंडी झकास होती. जेवणानंतर अलाबास्टरच्या कारखान्यात थांबायचे का, असे चालकाने विचारले. थांबायला लावल्यास दलाली मिळते आणि न थांबल्यास बुडते, हे बाईंनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले, त्यामुळे नाही म्हणणे सोपे गेले. चालकाला संध्याकाळी थोडे अधिक बक्षीस दिले.

दैर अल-मदिना हे त्या सगळ्या थडग्यांचे मर्म आहे, आणि नेमके तेच बहुतेक सहलींत वगळले जाते. राजांची थडगी खोदणारे, गिलावा करणारे, रेखाटणारे आणि कोरणारे कारागीर पिढ्यान् पिढ्या या बंदिस्त खोऱ्यातल्या गावात राहिले. गावाच्या भिंती आज कमरेएवढ्या उरल्या आहेत; मधून एकच अरुंद गल्ली जाते आणि दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेली लांबट घरे आहेत. हे लोक दहा दिवसांच्या आठवड्यात डोंगरापलीकडे कामाला जात आणि तिथल्या झोपड्यांतच वस्ती करत. मजुरी धान्यात मिळे. साध्या कारागिराला महिन्याला चार पोती गहू आणि दीड पोते बार्ली. कामाचा हिशेब चुनखडीच्या कपच्यांवर आणि खापरांवर लिहिला जात असल्यामुळे तो टिकला आहे. दिव्यांच्या किती वाती दिल्या, याचेदेखील टिपण आहे. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात दुसऱ्या रामसेसच्या ४० व्या वर्षातला एक हजेरीपटच आहे. त्यात गैरहजेरीची कारणे म्हणून आजारपण, विंचू चावणे, घरी बिअर गाळायची असणे आणि आईच्या देहावर अंत्यविधी करणे अशी नोंद आहे.

सेन्नेजेम हा असाच एक कारागीर सेती आणि रामसेस यांच्या काळात होऊन गेला. त्याचे थडगे १८८६ मध्ये अबाधित सापडले. उभ्या, अरुंद जिन्याने वाकून उतरल्यावर एक छोटी कमानदार खोली लागते. पाच-सात माणसे शिरली की ती भरते. पण भिंतींचा पिवळा इतका ताजा आहे की रंगाचे डबे आत्ताच आवरले असावेत असे वाटते. पूर्वेच्या भिंतीवर मृत्यूनंतरची इआरूची शेते आहेत. सेन्नेजेम ठिपक्यांच्या बैलजोडीने नांगरतो आहे आणि त्याची बायको आयनेफर्ती मागून बी टाकते आहे. दुसऱ्या पट्ट्यात तो विळ्याने कणसे कापतो आहे आणि ती गोळा करते आहे. दोघांच्याही अंगावर पांढरीशुभ्र, चुणीदार वस्त्रे आहेत, जी नेसून कोणीही नांगराला हात लावणार नाही. कडेने पाण्याचा पाट आणि खाली खजुराची व दौम ताडाची रांग आहे. राजाच्या थडग्यात सूर्याचा प्रवास, राक्षस आणि मंत्र होते, तर इथे स्वतःच्या चार भिंती रंगवताना माणसाने चांगले पीक आणि धुतलेले कपडे मागितले आहेत. राजांचे वैभव पाहून दमलेल्या माणसाला हे पाहून बरे वाटते. रेषा मात्र सेतीच्या थडग्यातल्यासारखी निर्दोष नाही. एका बैलाचे मागचे पाय जरा आखूड झाले आहेत आणि ताईने ते लगेच हेरले.

दिवसाच्या अखेरीला मेदिनेत हाबू पाहिले. तिसऱ्या रामसेसच्या या देवळातली अक्षरे इतकी खोल आहेत की त्यांत पंजा मावतो. पुढच्या राजाने आपले नाव खोडू नये म्हणून अशी तजवीज केली, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. भिंतीवर युद्धात मारलेल्या शत्रूंच्या तोडलेल्या हातांचे ढीग आणि ते मोजणारे लेखनिक आहेत. याच राजाच्या २९ व्या वर्षी दैर अल-मदिनातल्या कारागिरांचे धान्य थकले, तेव्हा आम्ही उपाशी आहोत आणि महिन्याचे अठरा दिवस उलटले असे सांगत ते काम सोडून राजांच्या देवळांपाशी जाऊन बसले. नोंद सापडलेला हा जगातला सर्वांत जुना संप असून त्याची हकीकत ट्यूरिनच्या संग्रहालयातल्या पपायरसवर आहे. शत्रूच्या हातांचा हिशेब बिनचूक ठेवणाऱ्या दरबाराला स्वतःच्या कारागिरांच्या पोत्यांचा हिशेब जमला नाही, हे त्या भिंतीसमोर उभे असताना जाणवल्याशिवाय राहत नाही.

सोमवार : अबिडोस आणि डेंडेरा

अबिडोस लक्सरपासून उत्तरेला सुमारे १६० किलोमीटर आहे आणि मधल्या पोलीस चौक्या धरून जायला तीन तास लागतात, म्हणून पहाटे निघालो. नाग हम्मादीच्या परिसरात उसाची तोडणी सुरू होती. लहान रुळांवरून जाणाऱ्या डब्यांत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत साखर कारखान्याकडे निघालेला ऊस, त्याच्या मागे धावत कांडे ओढणारी मुले आणि रस्त्यावर सांडलेले पाचट, हा देखावा सांगली-कोल्हापूरच्या माणसाला अगदी घरचा आहे. एका टपरीवर थांबून रस घेतला. त्यात आले-लिंबू नव्हते.

अबिडोस हे मृतांचा देव ओसायरिस याचे क्षेत्र होते. त्याच्या मागच्या वाळवंटात इजिप्तच्या सर्वांत जुन्या राजांची थडगी आहेत आणि पुढच्या दोन-अडीच हजार वर्षांत तीर्थयात्रेसाठी लोक येथे येत राहिले. सेतीने येथे बांधलेल्या देवळाला सात गाभारे आहेत, एका ओळीत, आणि ते प्ताह, रे-होराख्ती, आमून-रे, ओसायरिस, आयसिस, होरस व स्वतः सेती यांचे आहेत. बहुतेक ठिकाणी छत शाबूत असल्यामुळे आत अंधार आहे आणि झरोक्यांतून येणारा उन्हाचा पट्टा जसा सरकतो तसतसे एकेक चित्र उजळते. घाई करणाऱ्याला अर्धे देऊळ दिसतच नाही. दर्शनी अंगण आणि पहिला मंडप रामसेसने पुरा केला आहे, आणि तिथली खोल कोरलेली, मोठाली, एकसारखी चित्रे पाहून दुसऱ्या मंडपात पाऊल टाकले की कारागीर बदलला हे अनोळखी माणसालाही कळावे. सेतीच्या काळचा उठाव येथे संगमरवराइतक्या गुळगुळीत पांढऱ्या चुनखडीत आहे. आयसिसच्या गाभाऱ्यात तिच्या केसांच्या टोपाची प्रत्येक बट वेगळी कोरली आहे आणि राजाच्या पुढे झुकलेल्या खांद्याची वळणे छातीच्या अलंकाराखालूनही कळतात. शनिवारचा निकाल ताईने येथे कायम केला, पण एक दुरुस्ती करून. रामसेसला नुसती घाई नव्हती, तो सगळीकडेच बांधत होता, आणि सेतीने निवडक जागी बांधले, असे ती म्हणाली. बाईंनी मान डोलावली.

राजावळीची ओसरी हे देवळातले सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. सेती धूप दाखवतो आहे आणि राजपुत्र रामसेस हातातल्या पपायरसवरून नावे वाचतो आहे. समोर ७६ राजांची नावे ओळीने कोरली आहेत, तर सर्वांत खालच्या ओळीत सेतीचीच नावे पुन्हापुन्हा आली आहेत. इजिप्तच्या राजांचा अनुक्रम लावण्यात या यादीचा मोठा उपयोग झाला. पण यादी प्रामाणिक नाही. हॅटशेपसूट, अखेनातेन, तूतनखामून आणि आय यांची नावे तीत नाहीत. काल ज्या राणीच्या आकृतीचे खड्डे पाहिले, तिला येथे खोडण्याचीही गरज भासलेली नाही. तिची जागाच ठेवलेली नाही.

याच देवळात एका तुळईवर हेलिकॉप्टरसारखे दिसणारे चिन्ह आहे आणि ते पाहण्यासाठी खास येणारे लोक आहेत. सेतीची बिरुदे गिलाव्याने बुजवून त्यावर रामसेसची कोरली, पुढे गिलावा पडला आणि दोन्ही अक्षरे एकमेकांत मिसळली, इतकेच ते आहे. आमच्याही पुढे एक गट मान वर करून उभा होता. बाईंनी तिकडे पाहायचेही टाळले.

देवळाच्या आयसिसच्या बाजूच्या दालनांत त्यांनी आम्हांला दोन चित्रकार स्त्रियांची गोष्ट सांगितली. अमिस कॅल्व्हर्ली आणि मर्टल ब्रूम या दोघींनी १९३० च्या दशकात येथेच मातीच्या घरात राहून भिंतींवरच्या चित्रांच्या रेषा-रंगांसह प्रती तयार केल्या. १९३३ पासून त्या चार मोठ्या खंडांत प्रसिद्ध झाल्या आणि भिंतींवरचा रंग जिथे नंतर उडाला तिथे आज तोच आधार आहे. ताईने हे ऐकल्यावर पिशवीतून वही काढली आणि एका खांबाच्या पायथ्याशी बसून होरसच्या डोक्याचे रेखाटन केले. रखवालदार आधी हरकत घ्यायला आला, पण नंतर स्वतःच टॉर्च धरून उभा राहिला आणि चोच अजून खाली हवी असे खुणेने सांगू लागला. त्याचे म्हणणे बरोबर होते.

देवळाच्या मागे ओसायरिऑन नावाची खोल वास्तू आहे. तांबड्या ग्रॅनाइटचे अवजड चौकोनी खांब हिरव्या पाण्यात उभे आहेत, कारण तिथले भूजल वर चढून साचले आहे. तेथून निघून दुपारी डेंडेराला आलो.

डेंडेराचे हाथोर देवीचे देऊळ अबिडोसहून बाराशे वर्षांनी धाकटे आहे. बारावा टॉलेमी राज्यावर असताना इ.स.पू. ५४ मध्ये त्याचे काम सुरू झाले आणि रोमन काळात दर्शनी मंडप पुरा झाला. मंडपातल्या २४ खांबांच्या माथ्यावर चारी बाजूंनी हाथोरचे मुख आहे आणि जवळपास प्रत्येक मुख ख्रिस्ती काळात फोडलेले आहे. कान गाईचे असल्यामुळे देवी ओळखता येते. छतावरची काजळी अलीकडे काढल्यापासून वरचा निळा पुन्हा दिसू लागला आहे. आकाशदेवी नूतचे लांबच लांब शरीर छताच्या कडेने वाकलेले आहे. ती संध्याकाळी सूर्य गिळते आणि सकाळी त्याला जन्म देते. कोरीव काम मात्र माझ्या मते गुबगुबीत आहे. गाल, नाभी, गुडघे सगळे फुगलेले, आणि रिकामी जागा कुठेही सोडायची नाही असा चंग बांधलेला. सकाळी अबिडोस पाहिल्यानंतर ते जड वाटते, म्हणून ज्यांना दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहायची आहेत त्यांनी चालकाला पटवून आधी डेंडेरा करावे.

आमच्या शोधाला उपयोगी पडलेली गोष्ट आतल्या भिंतींवर होती. राजा देवीला नैवेद्य दाखवतो आहे, त्याच्या डोक्यावर नावाच्या लंबगोल चौकटी कोरलेल्या आहेत आणि त्या कोऱ्या आहेत. बाराव्या टॉलेमीनंतर त्याच्या मुलांत राज्यासाठी भांडणे लागली, आणि सिंहासनावर पुढच्या वर्षी कोण असेल याची खात्री नसल्याने पुजाऱ्यांनी नावाची जागा राखून ठेवली. पुढे ती भरायला कोणी आले नाही. मागच्या बाहेरच्या भिंतीवर मात्र सातव्या क्लिओपात्रा आणि तिचा मुलगा सीझरिअन यांची उंच चित्रे आहेत. मागच्या भिंतीला नाव मिळाले आणि आतल्या भिंती तशाच कोऱ्या राहिल्या.

गच्चीवरच्या एका खोलीत राशिचक्राचे छत आहे, पण ते प्रतिकृतीचे. मूळ दगड १८२१ मध्ये करवती आणि सुरुंगाची दारू वापरून काढला गेला व तो पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. तळघरात कमळातून निघालेल्या सापाचे चित्र आहे. त्याला विजेचा दिवा समजणाऱ्यांची संख्या कमी नाही, आणि ते विचारणारे पाहुणे आठवड्यातून एकदा तरी भेटतात, असे बाईंनी थकलेल्या आवाजात सांगितले.

परतीचा रस्ता केनाच्या पुलावरून पूर्व तीरावर आणि मग कुफ्तवरून गेला. कुफ्त म्हणजे प्राचीन कोप्तोस. भारताकडून येणारा माल तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके व मायोस होर्मोस या बंदरांत उतरे, उंटांवरून वाळवंट ओलांडून येथे येई आणि नाईलमधून अलेक्झांड्रियाला जाई. बेरेनिकेच्या देवळाच्या अंगणात पुरलेल्या भारतीय रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या समुद्रमार्गाच्या वर्णनात कल्याण आणि सोपारा ही बंदरे आहेत, आणि पैठणचे अकीक व तेरचे कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जात असल्याचा उल्लेख आहे. तेथून जहाजात चढलेल्या मालापैकी काही या धुळकट गावातून गेला असणार.

बाईंना मात्र कुफ्तबद्दल दुसरेच सांगायचे होते. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीने १८९३-९४ मध्ये येथे उत्खनन केले तेव्हा गावातल्या माणसांना काळजीपूर्वक खोदकाम करायला शिकवले, आणि तेव्हापासून कुफ्ती मुकादम पिढ्यान् पिढ्या इजिप्तभरच्या उत्खननांवर जात आले आहेत. मातीचा रंग बदलला की कुठे थांबायचे ते त्यांना पदवीधरांआधी कळते. शोधांची नावे परदेशी लोकांना मिळाली, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या मामांच्या घरी अजूनही एका मोहिमेची मजुरीची वही जपून ठेवलेली आहे. ताईने विचारले, की ती वही पाहता येईल का. मामा सध्या कैरोजवळच्या सक्कारा येथे उत्खननाच्या कामावर आहेत, मार्चमध्ये येतील, तेव्हा छायाचित्र काढून पाठवते, असे बाईंनी कबूल केले आणि आमचा पत्ता लिहून घेतला.